भिंतीवरच्या सातजणी

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर लोक थुंकत. पूनम सागरच्या त्या गल्लीत रिक्षावाले भिंतीलगत रांग लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात, तोंडात मावा असतो आणि भिंत आयती समोर. कमिटीने दोनदा चुना मारून घेतला, एकदा बोर्ड लावला. लोक बोर्डावरही थुंकले. मग सेक्रेटरी उदय पाटणकरांनी सुचवलं की देवांच्या टाइल्स लावू. मी म्हटलं, जिन्यात लावल्यात की! गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का, सगळे ओळीने बसवलेत, आणि पब्लिक बरोबर दोन टाइल्सच्या मधोमध पिचकारी मारतं. देवाने नेम दिलाय, तो वापरतात झालं.

त्याच मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं की आमची ताई रंगवेल भिंत, तीसुद्धा फुकटात. शेवटचा शब्द ऐकून ठराव एकमताने पास झाला.

ताई म्हणजे पंचशीला सकपाळ. नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण चित्रांच्या जगातली माणसं ऐकून आहेत. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. अप्पा, मी आणि माझी बायको नीलम यांच्यासोबत राहते आणि दिवसभर काशीगावात भाड्याने घेतलेल्या गाळ्यात चित्रं काढते. तिची चित्रं मला कळतात असा माझा दावा नाही. एकलव्य असतो, पण तो हायवेच्या पुलाखाली बसलेला, आणि बाकी चित्रभर नुसता राखाडी रंग. शूर्पणखा असते, तिचं नाक जागच्या जागी असतं आणि ती आपल्याकडे असं बघते की आपणच आपलं नाक चाचपावं. आर्ट स्कूलमधून बाहेर पडल्यावर ती पिंगुळीला, पोथ्यांतली चित्रं दाखवत पुराणातल्या कथा सांगणाऱ्या चित्रकथींच्या घरी महिनामहिना राहून आली. तेव्हापासून तिची सगळी माणसं त्या जुन्या पोथ्यांतल्यासारखी एका बाजूला तोंड करून उभी असतात, आणि अर्धा चेहरा डोळ्यानेच भरलेला असतो. बाकी हातपाय, झाडं, घरं मात्र कापून भलतीकडे जोडल्यासारखी. त्याला मॉडर्न म्हणतात.

अप्पांना ताईची पुराणातली माणसं आवडत नसत. आमचे अप्पा, कोंडिराम सकपाळ, गोदीतून रिटायर झालेले. छप्पन साली आजोबांनी घरातले देव टोपलीत भरून खाडीत सोडले, तेव्हा टोपलीचं एक टोक अप्पांनी धरलं होतं. आमच्या हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब, बस्स. कॅलेंडरसुद्धा आम्ही नुसत्या तारखांचं आणतो. ताई म्हणायची, मी देवांना पुजत नाही अप्पा, प्रश्न विचारते. अप्पा म्हणायचे, प्रश्न विचारायलासुद्धा आधी समोर कुणी आहे असं मानावं लागतं. मग ताई देव काशीगावातच ठेवायची.

भिंत मिळाली म्हटल्यावर मात्र ताई त्यांच्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, अप्पा, देव नाही काढत. तुमची आई काढते.

अप्पांच्या आईचा फोटो नाही. काढणार कोण आणि कशाला? अप्पा नऊ-दहा वर्षांचे असताना ती गेली. नाव भागीरथी. नाव गंगेचं आणि घशाला कायमची कोरड. खाली कोकणात आमच्या गावी उन्हाळ्यात झरे आटले की वाडीतल्या बायका हंडे घेऊन गावच्या विहिरीपासून लांब उभ्या राहत. वरच्या आळीतली एखादी बाई पाण्याला आली आणि तिच्या मनात आलं, तर ती आपली कळशी उंच धरून यांच्या हंड्यात पाणी ओतायची. वाढायची, असं म्हणत. शिवायचं नाही, मागायचं तेही हळू. नाही मनात आलं तर उभंच. अप्पा आईच्या लुगड्याला धरून उभे असत. विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा, पाण्याच्या देवी. रोजची पहिली कळशी त्या दगडांवर.

हे आम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. पण तेव्हा आठवडाभर संध्याकाळी अप्पा ताईजवळ बसून एकेक गोष्ट सांगत होते. आईच्या कपाळावरचं गोंदण, वाकडं नाक, डाव्या खांद्यावर ओढलेला पदर. तिच्यासोबत कोणकोण उभ्या असायच्या. सहा नावं त्यांना आठवली. काठावरचे दगड सात होते म्हणून ताईला बायकाही सात हव्या होत्या. ती म्हणाली, सातवी मी उभी राहते. अप्पा हसले. गोदीत आयुष्य काढलेला माणूस, हसणं जरा जडच पडतं त्यांना, पण हसले.

दिवाळीनंतर ताईने काम सुरू केलं. पुरुषभर उंचीच्या सात बायका, ओळीने, रिकामे हंडे कमरेवर, सगळ्यांची तोंडं डावीकडे. मागची अख्खी भिंत तिने जांभ्याच्या रंगाने भरली. आमच्या गावच्या मातीचा, दगडाचा लाल. डोळे तिने सगळ्यात शेवटी काढले, चित्रकथी काढतात तसे. तिसरी आजी. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी शिडीखाली उभं राहून बघताना मला रडू आलं. लपवायला मी रिक्षावाल्याशी उगीच भांडलो.

अप्पांना हात धरून खाली आणलं. ते पुष्कळ वेळ तिसरीसमोर उभे राहिले. मग डावीकडे बघितलं. डावीकडे मीटरच्या पेटीपर्यंत नुसता लाल रंग होता.

“विहीर कुठाय?” त्यांनी विचारलं.

ताईने समजावलं की विहीर काढायची नसते. सातजणी तिकडे बघतायत, त्यांच्या डोळ्यांवरून बघणाऱ्याने शोधायची. न काढलेली गोष्ट जास्त दिसते. वाढणारी बाई काढली तर चित्र नुसती तक्रार होऊन बसेल.

“लोकांना कळंल?”

“कळेल अप्पा.”

अप्पांनी मान हलवली. माझ्या शिकलेल्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त समजतं, हा त्यांचा जुना विश्वास. जिना चढताना ते मला म्हणाले, लोक्या, मी मरायच्या आधी माझी आय कुणीतरी बघितली. एवढंच पायजे हुतं.

लोकांना काय कळलं ते आता सांगतो.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तळमजल्यावरच्या मंदाकाकू हळदीकुंकवाची वाटी घेऊन भिंतीपाशी गेल्या. मंदाकाकू गिरगाव सोडून इथे आलेल्या, फार चांगली बाई. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज मऊ भाताचा डबा त्यांच्याकडून यायचा. त्यांचं माहेर कोकणातलं. लाल रंगावर सातजणी, कमरेवर कलश, म्हणजे साती आसराच, दुसरं काय असणार? त्यांनी सातही जणींना हळदीकुंकू लावलं. दोन दिवसांनी ए विंगच्या अंबिकाबेन चुनरी घेऊन आल्या. त्यांच्या मते या खोडियार मा आणि तिच्या बहिणी, त्याही सातच. वॉचमन रामूने बिहारमध्ये गावाला फोन लावून आईला व्हिडिओवर दाखवलं आणि आईने तिकडून हात जोडले, सातो बहिनी. प्रत्येकाच्या गावाला सातजणी होत्या. त्या सगळ्या पूनम सागरला येऊन आमच्या भिंतीवर उभ्या राहिल्या, आणि आमची सहा माणसं आणि एक ताई त्यांच्यात हरवून गेली.

थुंकणं बंद झालं, हे कबूल केलं पाहिजे. रिक्षावाले तोंड दाबून रस्त्यापलीकडे पळायला लागले. पाटणकरांनी खूश होऊन खाली संगमरवरी कट्टा करून घेतला आणि एक घंटा टांगली. मग कुणीतरी तेलात कालवलेला खरा शेंदूर आणला. जांभ्याचा लाल लोकांना शेंदूरच वाटला होता, तेव्हा तेही ओघानेच आलं.

मी गप्प बसलो होतो. या बिल्डिंगमध्ये सकपाळ आडनावाला कुणी काही विचारत नाही, मनात अंदाज बांधतात आणि दिवाळीला फराळ देतात. बरं चाललंय, त्यात कशाला खडा टाका? ताईसुद्धा गप्प होती, पण तिचं कारण वेगळं होतं. तिला ते थोडं आवडलं होतं. कुणी ओळखीचे येऊन फोटो काढून गेले, लोकांनी आपलंसं केलेलं चित्र म्हणून कुठे कुठे छापूनही आलं. ती मला म्हणाली, ज्या बायकांना कुणी दारात उभं केलं नाही त्यांच्या पाया पडतायत रे सगळे. हे काय कमी आहे?

अप्पांना गुडघ्यामुळे तीन जिने उतरणं होत नव्हतं, म्हणून त्यांना काही माहीत नव्हतं. घंटा ऐकून त्यांनी दोनदा विचारलं आणि नीलमने दोनदा विषय बदलला. शेवटी दवाखान्यात न्यायला खाली आणलं तेव्हा रिक्षा मागच्या गल्लीतच मिळाली.

तिसरीच्या तोंडावर शेंदराचा थर होता. कपाळावरचं गोंदण दिसत नव्हतं, डोळा बुजला होता, नाकाला चमकीची नथ चिकटवली होती. अप्पा रिक्षात बसले, दवाखान्यात गेले, डॉक्टरांशी नीट बोलले, परत आले. जेवले मात्र नाहीत. रात्री ताई काशीगावातून आली तेव्हा ते हॉलमध्ये बसूनच होते.

“तिला देव केलंस.”

ताई म्हणाली, मी नाही केलं, त्यांनी केलं. आणि मग तिने मला सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं, की अप्पा, पाया पडतायत, हे कमी आहे का.

अप्पा चिडून बोलत नाहीत. ते हळू बोलतात आणि त्याचंच जास्त लागतं. म्हणाले, “पाया पडतात म्हंजे तोंडाकडं बघायला नको, शीले. गावात त्या दगडांच्या पन पाया पडायचे. दगडाला पहिली कळशी आनि आमी बारा वाजेस्तवर उभे. आता तिला पन दगड केला. आता तिला तहान हुती हे कोन बघनार?”

ताई आतल्या खोलीत गेली. तिच्या कामावर भल्याभल्यांनी काय काय लिहिलंय, तिला कधी असं उठून जाताना मी बघितलं नव्हतं. सकाळी तिने एवढंच सांगितलं की विहीर काढते. विहीर आणि पाणी वाढणारा हात. न काढलेलं दिसतं हा माझा शहाणपणा होता, लोक्या. ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना विहीर कशी दिसेल?

पण हात तिला साधेना. चार दिवस ती गाळ्यात कागदावर हात काढत होती आणि फाडत होती. रागाने काढला की राक्षसिणीचा व्हायचा, राग गिळून काढला की आशीर्वाद देणाऱ्या देवीचा. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, ती बाई वाईट न्हवती गं. पानी वाढताना विचारायची, पोर जेवलं का. मग ताईची आणखीच पंचाईत झाली. पोराची चौकशी करणारा आणि लांबूनच पाणी ओतणारा हात, तो काढायचा कसा? शेवटी म्हणाली, भिंतीवरच बघते काय होतं ते.

रविवारी सकाळी आम्ही शिडी आणि रंगाचे डबे घेऊन उतरलो. शिडीचा पाय टेकवायला जागा संगमरवरी कट्ट्यावरच होती. ताई दोन पायऱ्या चढली आणि मागून मंदाकाकूंचा आवाज आला. त्या आंघोळ करून, ओल्या केसांनी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन नेमाने आल्या होत्या.

“पंचशीला, थांब गं. असा हात नको लावूस आता.”

ताईला वाटलं त्या शेंदूर ओला आहे म्हणतायत. पण मंदाकाकू समजावत होत्या की आता हे स्थान झालंय. आधी गुरुजींना विचारू, ते काय तो विधी सांगतील, मग सोवळ्यातलं कुणीतरी करेल काय करायचं ते. पाटणकर आले, अंबिकाबेन आल्या. पाटणकर म्हणाले, मॅडम, लोकांच्या भावना आहेत, शिडी जरा खाली घेता का, आणि पायात चपला आहेत तुमच्या.

“काकू, हे मी काढलंय,” ताई म्हणाली.

“हो गं बाई, तूच काढलंस. पण आता ते त्यांचं झालं ना?”

हे त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की माझं डोकंच फिरलं. शिवी दिली असती तर बरं होतं, शिवीला उत्तर देता येतं. सातवी बाई ताई स्वतः होती. तिच्या स्वतःच्या तोंडाला तिने हात लावायचा नाही! हात लावू नका म्हणजे काय, कुणाला सांगताय, असं मी ओरडायला लागलो. वर्षानुवर्षं फराळ खाऊन गिळलेलं सगळं एकदम वर आलं. पाटणकर दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. अप्पा होते. कठड्याला धरून एकटेच तीन जिने उतरले होते, त्यांना धाप लागली होती.

ते माझ्याशी बोलले नाहीत. मंदाकाकूंना म्हणाले, “मंदाताय, तहान लागली. पानी वाढता का?”

“अहो अप्पा, आत या ना. पेला आणते.”

“न्हाय, पेला नको. हितंच वाढा. वरनं.”

आणि अप्पा तिथे, जिथे चित्रातल्या पहिल्या बाईच्या समोरची जागा मोकळी होती, तिथे खाली बसायला लागले. तो गुडघा वाकत नाही. मी धरायला गेलो तर त्यांनी मला झटकलं. भिंतीला टेकत, कण्हत ते उकिडवे बसले, दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाला लावली आणि मान खाली घातली. मंदाकाकूंना काही कळलं नव्हतं. म्हातारा माणूस, धाप लागलीय, एवढंच त्यांनी बघितलं. त्या पुढे झाल्या.

“लांबनं,” अप्पा ओंजळीतून म्हणाले. “शिवू नका.”

काकूंनी तांब्या वर धरून तिरका केला. पाणी ओंजळीत पडलं, कोपरांवरून खाली गेलं, अप्पांचा सदरा भिजला. ते पीत राहिले. मग तोंड वर करून म्हणाले, “तिसरी हाय ना, ती माझी आय. भागीरथी. अशी प्यायची. मी तिच्या बाजूला असाच बसायचो. त्या आसरा न्हाईत मंदाताय. आसरा तिकडं विहिरीवर हुत्या. ह्या बाया लांब उभ्या हायत, हंडे रिकामे हायत त्यांचे. तुमच्यासारखी कुनी येईल म्हनून उभ्या हायत.”

घंटा वाजवायला आलेला एक माणूस तसाच थांबला. मंदाकाकूंनी भिंतीकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असं मला वाटलं, एकेक हंडा, एकेक डोळा. मग त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. तो अजून वरच होता, हिरव्या बांगड्यांचा, तांब्या तिरका धरलेला, आणि पाण्याची धार अप्पांच्या ओंजळीत पडत होती. त्या हात मागे घेणार, एवढ्यात ताई शिडीवरून म्हणाली,

“काकू, हात तसाच धरा.”

तिचा आवाज कठोर नव्हता. काम करताना तिचा आवाज असतो तसा होता. कोळशाचा तुकडा घेऊन ती डावीकडच्या लाल जागेवर वाकली होती, एकदा हाताकडे, एकदा भिंतीकडे बघत होती. पाटणकरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मंदाकाकूंनी त्यांच्याकडे न बघता दुसऱ्या हाताने त्यांना गप्प राहायची खूण केली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्या हलल्या नाहीत.

भिंतीवर आधी मनगट आलं, मग बांगड्या, मग बोटं. तांब्यातलं पाणी संपलं तरी काकूंनी तो सरळ केला नाही.